बार्शी मोठी पेठ, मग जंक्शन कुर्डुवाडी कसं?

रेल्वेविषयी वाचकांचे प्रश्न. उत्तरं देताहेत मध्य रेल्वेच्या माल विभागातले एक निवृत्त क्लार्क.

प्रश्न : आम्ही मूळचे बार्शीचे. आजीच्या ट्रंकेत एक जुनं पत्र मिळालं, त्यावर ‘स्टेशन बार्शी रोड’ असा पत्ता आहे. हे स्टेशन कुठलं? आणि बार्शी एवढी मोठी पेठ असताना मुख्य लाईन तिच्यापासून पस्तीस किलोमीटर लांबून का नेली? चुलते म्हणतात, व्यापाऱ्यांनी विरोध केला म्हणून.

चुलत्यांना माझा नमस्कार सांगा. पण ही विरोधाची गोष्ट मी लाईन हुकलेल्या इतक्या गावांत ऐकली आहे की आता ऐकली की नुसतं हसू येतं. नकाशा उघडून बघा. जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला ही ती लाईन टाकणारी रेल्वे कंपनी. तिला बार्शीशी देणंघेणं नव्हतं. तिला पुण्याहून सोलापूर आणि पुढे रायचूर गाठून मद्रासकडून येणाऱ्या लाईनला मिळायचं होतं. दौंडपासून भीमेच्या अंगाने सरळ खाली उतरलं की काम भागत होतं. बार्शी पडते वर, बालाघाटाच्या पायथ्याकडे. एका पेठेसाठी एवढा वळसा कोण घेणार? डिकसळहून लाईन १८५९च्या ऑक्टोबरात कुर्डुवाडीला आली, १८६० साली सोलापूरला पोचली आणि १८७१ साली रायचूरला मद्रासच्या लाईनशी जोडली गेली. स्टेशन उभं राहिलं कुर्डुवाडीच्या शिवारात, पण चढणारा-उतरणारा माल बार्शीचा, म्हणून नाव पडलं बार्शी रोड. तुमच्या पत्रावरचं स्टेशन म्हणजे आजचं कुर्डुवाडी जंक्शन.

पुढची पस्तीस-चाळीस वर्षं बार्शीचा कापूस आणि गळिताचं धान्य बैलगाड्यांनी या स्टेशनवर येत होतं. ते हेरलं एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने. हा आधी जीआयपीतच नोकरीला होता. नोकरी सोडून त्याने स्वतःचा घाट घातला, १८९५ साली बार्शी लाईट रेल्वे कंपनी निघाली आणि १८९७ साली बार्शी रोड ते बार्शी गाडी धावू लागली. रुळांमधलं अंतर अडीच फूट. मुख्य लाईनचं साडेपाच.

कॅलथ्रॉपचं डोकं कुठे चाललं ते सांगतो, कारण छोट्या गाडीची आठवण काढणारे पुष्कळ भेटतात, हे सांगणारा कुणी भेटत नाही. त्याने ठरवलं की इंजिन असो की वाघीण, म्हणजे मालाचा डबा, कुठल्याही एका आसावर, म्हणजे चाकांची जोडी जोडणाऱ्या दांड्यावर, पाच टनांपेक्षा जास्त भार पडता कामा नये. मग इंजिनाला चाकं जास्त लावा, वजन वाटून टाका. भार वाटला गेला की रूळ हलका चालतो. त्याने एका वाराच्या लांबीला तीस पौंड भरणारा रूळ घातला, म्हणजे मीटरला जेमतेम पंधरा किलो. आज मुख्य लाईनवर साठ किलोचा रूळ असतो. रूळ हलका म्हणून पूल हलके, भराव कमी, खर्चही कमी. वाघिणी मात्र त्याने लांबलचक आणि पोटभर माल घेणाऱ्या बनवल्या. नाव ‘लाईट’, पण माल ओढण्यात ती हलकी नव्हती.

१९०६ साली लाईन पंढरपूरला गेली, १९११ साली लातूरला आणि १९२७ साली मिरजेला. त्याच १९२७ साली कॅलथ्रॉप वारला. मधल्या काळात हा गृहस्थ विमानातून उडी मारायचं पॅराशूट बनवण्याच्या नादी लागला होता आणि पहिल्या महायुद्धात त्याचं ‘गार्डियन एंजल’ वापरलंही गेलं. १९५४ साली सरकारने बार्शी लाईट विकत घेतली.

प्रश्न : माझं बालपण लातूर-कुर्डुवाडी छोट्या गाडीत गेलं. निदान एखादा पट्टा माथेरानसारखा पर्यटनासाठी जपायला नको होता का? ब्रॉडगेजच्या हट्टापायी एक वैभव मोडलं, असं वाटतं.

तुम्ही खिडकीत बसून गाडी पाहिलीत, मी ती शेडमधून पाहिली. म्हणून आपलं जमणार नाही, पण ऐकून घ्या.

लातूरच्या आडत्याने मुंबईला हरभरा पाठवला की तो नॅरोगेजच्या वाघिणीतून कुर्डुवाडीला यायचा. पुढे ती वाघीण जाऊच शकत नव्हती. मग ट्रान्सशिपमेंट. एका अंगाला छोटी वाघीण, दुसऱ्या अंगाला मोठी, मध्ये फलाट. सील तोडायचं, आर.आर., म्हणजे मालाची रेल्वे पावती, समोर धरायची आणि एकेक पोतं पाठीवरून पलीकडे. पोतं क्विंटलचं. हमालाच्या हातात लोखंडी आकडा, डोक्यावरून पाठीवर सोडलेलं बारदान. पहिलं पोतं निघालं की ‘लाभ’ म्हणायचं, एक नाही. मग दोन, तीन. मी दाराशी उभा राहून खडूने पत्र्यावर रेघा ओढायचो, पाचवी आडवी. आकडा लागून पोत्याला भोक पडलं की धान्य फलाटावर सांडायचं. संध्याकाळी बायका येऊन झाडून न्यायच्या आणि त्याकडे आम्ही सगळे काणाडोळा करायचो. मुंबईला पोतं वजनात कमी भरलं की व्यापाऱ्याचा क्लेम. मग कागदपत्रं फिरत फिरत पुन्हा माझ्याच टेबलावर.

पावसात हे काम कसं चालत असेल याचा विचार करा. आणि मोठी वाघीण वेळेवर मिळाली नाही तर लातूरचा माल शेडमध्ये पडून. शेतकऱ्याला भाव देताना आडत्या ही सगळी भानगड आधीच कापून घेत होता, हे माझं पक्कं मत आहे.

कुर्डुवाडी गाव मात्र याच भानगडीवर पोसलं, हेही तितकंच खरं. हमाल, चहावाले, नॅरोगेजचं वर्कशॉप, बदलीची गाडी पकडायला थांबलेले प्रवासी, सगळ्यांचं पोट दोन रुळांच्या त्या बेमेळ रुंदीवर चालायचं. आधी पंढरपूरचा पट्टा रुंद झाला, २००८च्या ऑक्टोबरात लातूरची लाईन कुर्डुवाडीला ब्रॉडगेजने जोडली गेली, मिरजेकडचा टप्पा सगळ्यांत शेवटी. शेडची हमाली संपली, त्याचं वाईट वाटतंच. पण लातूरचा माणूस रात्री बसून सकाळी मुंबईत उतरतो, मध्ये गाडी बदलावी लागत नाही. शिवाय रुंदीकरणात लाईन वळवून धाराशिव शहराला लावली. छोटी लाईन त्या जिल्ह्याच्या गावाला स्पर्श न करताच येडशी, ढोकीकडे निघून जायची. पर्यटनाचं म्हणाल तर माथेरानला डोंगर आहे, झाडी आहे. कुर्डुवाडी-बार्शी पट्ट्यात एप्रिलच्या दुपारी हौसेने गाडीत बसणारे किती निघतील?

प्रश्न : आईला पंढरपूरला न्यायचं आहे. मुंबईहून कुर्डुवाडीमार्गे कसं जावं? तिचे गुडघे दुखतात.

दादरहून पंढरपूरवरून जाणारी थेट गाडी आहे, पण ती रोज नसते. तिच्या दिवशी जमत असेल तर दुसरा विचारच करू नका. नाहीतर रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस घ्या; ती पहाटे कुर्डुवाडीला सोडते. सोलापूर वंदे भारत २०२३ पासून कुर्डुवाडीला थांबते, पण दुपारनंतर मुंबईहून सुटून रात्री पोचवते. म्हणजे मुक्काम आला.

कुर्डुवाडी-पंढरपूर अंतर पन्नास किलोमीटरच्या आसपास. पंढरपूरकडे जाणाऱ्या गाड्या मोजक्याच, त्यामुळे आधी १३९ला फोन करून त्या दिवसाची जोडगाडी विचारा. ती दोन-तीन तासांनी असेल तर वाट बघत बसू नका, रिक्षा करून एसटी स्टँड गाठा. दुसऱ्या फलाटावर जायचं झालं तर पूल चढणं आलं. उतरल्या उतरल्या स्टेशन मास्तरांच्या ऑफिसात जाऊन चाकाची खुर्ची मागा, लाजू नका. तिकीट काढताना खालचा बर्थ मिळावा म्हणून आईचं वय नीट भरा.

आषाढी-कार्तिकीला जादा गाड्या सुटतात, पण त्या गर्दीत दुखरे गुडघे घेऊन जाऊ नये. एकादशी टाळा, शनिवार-रविवारही टाळा. मंगळवार-बुधवारी न्या, दर्शनाची रांगही त्यातल्या त्यात कमी असते.