फोर्जिंग म्हणजे घडाई की ठोकाई?

फोर्जिंग म्हणजे धातू न वितळवता, बहुधा तापवून, घणाने किंवा दाबाने त्याला आकार देणे. प्रश्न असा: त्याला मराठीत ‘घडाई’ म्हणावे की ‘ठोकाई’? आणि गावचा लोहार ‘शेवटणे’, ‘पाणी देणे’ म्हणतो, तेही फोर्जिंगच का?

मी ‘घडाई’च्या बाजूचा. ठोकण्यातून आकार येईलच असे नाही. भिंतीत खिळाही ठोकतात. शिवाय कारखान्यांत पुष्कळ घडाई न ठोकताच होते. हायड्रॉलिक प्रेस तापलेले पोलाद सावकाश दाबत नेतो, घाव एकही बसत नाही. त्याला ठोकाई कशी म्हणणार? घण आणि प्रेस दोन्ही ‘घडाई’त मावतात.

या शब्दाची खरी जोडी ‘ओतकामा’शी आहे. गोंधळ होतो तो साच्यामुळे, कारण साचा दोन्हीकडे असतो. ओतकामात धातू वितळून पाण्यासारखा होतो आणि साच्यात शिरतो. घडाईत तो वितळतच नाही. साधे पोलाद साधारण 1100 ते 1250 अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. वितळायला सुमारे 1500 अंश लागतात. म्हणजे धातू घनच राहतो, फक्त मऊ होतो आणि दाबाखाली साच्याच्या कानाकोपऱ्यांत सरकतो. म्हणून ‘साच्यातली घडाई’ आणि लोहाराची ‘मोकळी घडाई’ असे दोन प्रकार बिनदिक्कत म्हणावेत.

‘ओतीव’ आणि ‘घडीव’ यांतला फरक स्वयंपाकघरातही दिसतो. बिडाचा तवा हातातून फरशीवर पडला तर तडकतो. ठोकून केलेल्या लोखंडी तव्याला फार तर पोचा येतो. बिडात कार्बन दोन टक्क्यांहून जास्त असतो, त्यामुळे ते ठिसूळ असते आणि घण सोसत नाही. बीड घडवता येत नाही, ओतावेच लागते.

घडीव वस्तू टिकाऊ का, याचे उत्तर धातूच्या आतल्या ठेवणीत आहे. कांब लाटली जाते तेव्हा लांबीच्या दिशेने लाकडाच्या रेषांसारखी ठेवण तयार होते. जाड कांबीतून क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनातला वळणावळणाचा फिरता दांडा, कोरून काढला तर त्या रेषा वळणावळणावर कापल्या जातात. तोच घडवला तर रेषा वळणाबरोबर वळतात आणि इंजिनाचे हिसके अधिक काळ सोसतात. पुण्यात मुंढव्याला भारत फोर्ज 1961 साली निघाली, ती अशाच वाहनांच्या सुट्या भागांसाठी नावारूपाला आली. कामगारांच्या तोंडी तिथे ‘फोर्जिंग’च असणार, त्यात वावगे काहीच नाही. प्रश्न लिहिताना येतो.

आता लोहाराचे शब्द. ‘शेवटणे’ ही घडाईच, पण दुरुस्तीची. मुरमाड रानात कुदळीचे टोक झिजून बोथट होते. लोहार ते भट्टीत लाल करतो, सांडशीत धरून ऐरणीवर आलटून पालटून ठोकतो. टोक पातळ होते आणि लांबते. लाली उतरली की पुन्हा भट्टीत. गार लोखंडावर घाव घातले तर टोकाला चिरा जातात. या सगळ्या कामाला आपल्याकडे एकच क्रियापद आहे. इतका नेमका शब्द असताना ‘टोकाची पुनर्घडाई’ कशाला लिहायची?

‘पाणी देणे’ मात्र घडाई नव्हे. तिथे आकार बदलत नाही, गुण बदलतो. तापलेले टोक तेवढे पाण्यात बुडवून काढले की ते कडक होते. मग मागची ऊब टोकाकडे येऊ लागते आणि घासून उजळलेल्या धातूवर रंग सरकतात: आधी फिका पिवळा, मग तपकिरी, जांभळा, निळा. हवा तो रंग टोकाशी आला की पुन्हा पाण्यात. पिवळ्यावर थांबवले तर धार कडक राहते, निळ्यापर्यंत जाऊ दिले तर चिवटपणा येतो.

‘मठारणे’ही वेगळेच ठेवा. पुण्याच्या तांबट आळीत तांब्याच्या घडलेल्या भांड्यावर गार असतानाच ओळीने ठोके देतात. त्या ठोक्यांनी तांबे कडक होते, शिवाय भांड्याला ती ओळखीची लकाकी येते.

राहिले क्रियापद. आज ‘लोहार विळा घडवतो’ हेच रुळले आहे. पूर्वी ‘घडणे’ सकर्मकही चाले. ‘घडणावळ’ त्यातूनच आली. गिऱ्हाईक मात्र विळा ‘घडवून घेते’.