वाचकांचे प्रश्न : लढाऊ वैमानिकाचा पोशाख

प्रश्न : जी-सूट घातला की वैमानिक ९ जी सहज सोसतो, असं वाचलं. तो सूट नेमकं करतो काय?

उत्तर : आधी ‘सहज’ हा शब्द खोडू. १ जी म्हणजे आपलं नेहमीचं वजन; झटक्यात वळताना ९ जी आला, की अंग नऊपट जड होतं. बसलेल्या माणसाचे डोळे हृदयाच्या साधारण ३० सेंटिमीटर वर असतात. तेवढं रक्त चढवण्यात दर जीमागे पाऱ्याचा सुमारे २२ मिलिमीटर दाब खर्ची पडतो. हृदयापाशी १२० धरले, तर ५ जीला डोक्यापर्यंत जेमतेम १० उरतात. डोळ्याच्या आतच पंधरा-वीसचा दाब असतो, म्हणून आधी नजर जाते आणि मग शुद्ध.

पोट, दोन मांड्या आणि दोन पोटऱ्यांवर हवेच्या पिशव्या असलेली घट्ट विजार, असा नेहमीचा जी-सूट. त्याची नळी विमानाला जोडतात. साधारण २ जीच्या आसपास झडप उघडते आणि जी वाढेल तशी पिशव्यांत जास्त हवा भरते, त्यामुळे रक्त पायांत साचत नाही. या सगळ्या खटाटोपातून पदरात पडतात एक ते दीड जी! उरलेला भार स्नायूंवर. वळण घेण्याआधीच पाय, नितंब, पोट आवळायचं, छातीत श्वास कोंडायचा आणि दर ३ सेकंदांनी झटकन सोडून परत घ्यायचा. आवळायला उशीर झाला, तर नंतर कितीही जोर लावा, हुकलेलं हाती येत नाही.

नाड्या सैल राहिल्या, तर आधी मधली मोकळी जागा भरते आणि मांडी उशिरा दाबली जाते. नळी अर्धवट बसली, तर सूट फुगतच नाही. म्हणून उड्डाणाआधी चाचणीचं बटण दाबून पाहतात. जी एकदम चढला, तर डोळ्यांपुढे अंधारी येण्याचा इशाराही मिळत नाही, थेट शुद्ध जाते. आधी जी-सूट पाण्याचेही होते. कॅनडात विल्बर फ्रँक्स यांनी केलेला तसा सूट दुसऱ्या महायुद्धात वापरला गेला, पण पाण्याचं ओझं कोण वागवणार? हवेचे सूट आले आणि तेच टिकले.

प्रश्न : चामड्याची रुबाबदार जॅकेटं का गेली?

उत्तर : उघड्या कॉकपिटात वारा अडवायला चामड्याला तोड नव्हती. अमेरिकेचं १९३१ चं ए-२ जॅकेट तर घोड्याच्या कातड्याचं होतं. जेट विमानाचा कॉकपिट मात्र बंद आणि अरुंद. तिथे जाड चामडं अडचण करतं, आणि जमिनीवर भिजलेलं जॅकेट उंचावर गोठून कडक होतं. १९५० च्या दशकात नायलॉनचं एमए-१ आलं. पुढे त्याचं अस्तर नारिंगी केलं. विमान पडलं, तर जॅकेट उलटं घालायचं, शोधणाऱ्यांना लांबून दिसतं.

प्रश्न : पहिल्या महायुद्धातला रेशमी स्कार्फ शोभेचाच ना?

उत्तर : नाही. शत्रू मागे आहे का हे पाहायला सारखी मान वळवायची, आणि जाड कॉलरने ती सोलवटायची. रेशमाने ते वाचायचं. इंजिनातून उडालेलं वंगणाचं एरंडेल चष्म्यावरून पुसायलाही तोच. रुबाब फुकटात.

प्रश्न : फ्लाइट सूटच्या आत पॉलिएस्टरचा टी-शर्ट चालेल का?

उत्तर : अजिबात नाही. बाहेरचं नोमेक्स, म्हणजे सूटचं आगरोधक कापड, वितळत नाही, ते करपून कोळशासारखं होतं. पण धग आत पोहोचतेच आणि २५० अंशांच्या आसपास पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटतं. आत सुती किंवा लोकरीचंच हवं. बाह्या मनगटापर्यंत, चेन वरपर्यंत, हातात मोजे. उकडतं म्हणून बाह्या दुमडल्या, तर त्या वेळेपुरता सूट निम्मा निकामी. कपड्याला खळ घालू नये. नोमेक्स पेटत नसलं, तरी खळ पेटते.

प्रश्न : आजच्या हेल्मेटमध्ये पडदा, कॅमेऱ्यांचं चित्र, सगळं दिसतं. मग तक्रार कशाची?

उत्तर : वजनाची. अमेरिकेच्या एफ-३५ लढाऊ विमानाच्या हेल्मेटचं वजन दोन किलोच्या वर आहे. ९ जीला मानेवर वीसेक किलोंचा भार येतो. संकटात वैमानिकासकट आसन विमानाबाहेर फेकलं जातं, तेव्हा डोकं मागे-पुढे हिसडतं आणि बारीक मानेला धोका वाढतो. म्हणून २०१५ मध्ये ६२ किलोंहून कमी वजनाच्या वैमानिकांना हे विमान चालवायला मनाई झाली. ती २०१७ मध्ये उठली, पण त्यासाठी हेल्मेट हलकं करावं लागलं आणि हलक्या वैमानिकांसाठी पॅराशूट किंचित उशिरा उघडेल अशी सोय आसनात करावी लागली.