मोसुरा हा तीन डोळ्यांचा प्राणी नेमका कोण होता?

कीटक, खेकडे, विंचू या संधिपादांच्या वंशातून फार आधी फुटलेल्या रेडिओडॉन्ट गटातला हा प्राणी. कॅनडातल्या बर्जेस शेल खडकांत सापडला, वय सुमारे 50 कोटी 60 लाख वर्षं. 2025 मध्ये ही नवी प्रजाती म्हणून जाहीर झाली. आकार जेमतेम तर्जनीएवढा! तीन डोळे, काटेरी नांग्या, दातांचं गोल तोंड, पोहायला दोन्ही बाजूंना वल्ह्यांसारखे पंख.

खरी गंमत शेपटीकडे आहे. तिथे एकामागोमाग 16 खंड, त्यांवर कल्ल्यांची दाटी. म्हणजे श्वसनासाठी शरीराचा एक भागच वेगळा राखलेला. इतर रेडिओडॉन्टांत असं दिसत नाही. काही जीवाश्मांत तर मज्जासंस्था आणि रक्ताच्या पोकळ्याही चकचकीत ठशांसारख्या टिकल्या आहेत. मला हे सगळ्यात थक्क करणारं वाटतं.