एमए अर्थशास्त्रासाठी पैसे कसे उभे करायचे? शिष्यवृत्तीवर किती विसंबायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: वडिलांची दोन एकर शेती, आई अंगणवाडीत मदतनीस, बीएला अर्थशास्त्रात फर्स्ट क्लास. एमएला पुण्या-मुंबईकडे जायचंय, तर फी कशी भरायची, शिष्यवृत्ती किती मिळेल, आणि त्याआधी एक वर्ष नोकरी करून पैसे साठवावेत का? मी साताऱ्याकडच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. शिष्यवृत्तीचे अर्ज तपासायचं काम दरवर्षी माझ्याच गळ्यात येतं, म्हणून उत्तर जरा लांबलं तर सांभाळून घ्या.

आधी एक सांगते. फी किती, यावरच सगळ्यांचा जीव अडकलेला असतो. पण सरकारी विद्यापीठाच्या विभागात एमए केलंत तर फीपेक्षा राहण्याखाण्याचा खर्च कितीतरी जास्त होतो. पुण्यात कॉट बेसिसवर जागा, मेस, प्रवास आणि पुस्तकं यांची दहा महिन्यांची बेरीज करा आणि तिच्याशेजारी विभागाची वर्षाची फी लिहा. कागदावर मांडलं की कुठे झुंजायचं ते आपोआप कळतं. दिल्लीच्या जेएनयूत (जवाहरलाल नेहरू विद्यापीठात) एमएची ट्यूशन फी वर्षाला २१६ रुपये आहे आणि कित्येक वर्षं हा आकडा हललेला नाही. तरीही तिथे जाणाऱ्या मुलाला घरून पैसे लागतातच, कारण पोटाला ट्यूशन फी कळत नाही.

म्हणून कॉलेज निवडतानाच दोन वर्षांचा एकूण खर्च काढा. मुंबई विद्यापीठाचा अर्थशास्त्र विभाग १९२१ सालचा, कलिन्याला. फी आवाक्यातली, मात्र मुंबईत राहणं महाग. पुण्याची गोखले संस्था १९३० पासूनची, नाव मोठं, पण अभिमत विद्यापीठ असल्याने तिथली फी विद्यापीठाच्या विभागापेक्षा बरीच जास्त. बंगळुरूच्या अझीम प्रेमजी विद्यापीठाची छापील फी बघून लोक घाबरतात, पण तिथे घरच्या उत्पन्नानुसार फीमाफी मिळते आणि ती पूर्णही असू शकते. अशा ठिकाणी छापील आकड्यावरून निर्णय घेऊ नका.

आणि एक जागा अशी आहे की जिचं नाव आमच्याकडच्या मुलांना कुणी सांगतच नाही: भारतीय सांख्यिकी संस्था, म्हणजे आयएसआय. तिचा एमएस क्वांटिटेटिव्ह इकॉनॉमिक्स हा अभ्यासक्रम कोलकाता आणि दिल्लीला चालतो. ट्यूशन फी नाही, उलट दरमहा ८,००० रुपयांच्या घरात विद्यावेतन मिळतं, निकाल चांगला ठेवला की ते चालू राहतं. अडचण एकच: प्रवेश परीक्षेत गणित कडक असतं. आपल्याकडे बीएला अर्थशास्त्र घेणारी निम्मी मुलं गणितापासून पळून आलेली असतात, हे मी वर्गात रोज बघते. तुमचं बारावीला गणित असेल तर सहा महिने कलनशास्त्र, संभाव्यता आणि सूक्ष्म अर्थशास्त्र घासून काढा. दहा ठिकाणी शिष्यवृत्तीचे अर्ज करण्यापेक्षा या सहा महिन्यांचा मोबदला मोठा आहे. आयएसआय नाही मिळालं तरी तोच अभ्यास दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्ससाठी लागणाऱ्या सीयूईटी-पीजी या प्रवेश परीक्षेला उपयोगी पडतो.

आता शिष्यवृत्त्या. प्रवर्ग तुम्ही लिहिलेला नाही, म्हणून सगळंच थोडं थोडं सांगते.

प्रवर्ग कुठलाही असो, पहिली बघायची ती यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) पदव्युत्तर राष्ट्रीय शिष्यवृत्ती. दरमहा १५,००० रुपये, वर्षातले दहा महिने, दोन वर्षं. म्हणजे एकूण ३ लाख. देशभरात १०,००० जागा, त्यातल्या ३० टक्के मुलींसाठी. निवड पदवीच्या गुणांवर होते आणि अर्ज एमएच्या पहिल्या वर्षातच राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर करायचा असतो. दुसऱ्या वर्षी जाग आलेले विद्यार्थी माझ्याकडे दरवर्षी येतात, आणि मला त्यांना नाहीच म्हणावं लागतं. बारावीनंतर केंद्राची गुणवत्ता शिष्यवृत्ती मिळाली असेल तर तीही विसरू नका. पदवीला वर्षाला १२,००० मिळायचे, ते पदव्युत्तरला २०,००० होतात, पण शिक्षणात खंड पडला तर ती बंद. दोन सरकारी शिष्यवृत्त्या एकाच वेळी सहसा चालत नाहीत, त्यामुळे मोठी कुठली ते बघून एकच धरा.

राज्याच्या योजना महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर. एससी असाल आणि घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत फी आणि निर्वाह भत्ता दोन्ही येतात. वसतिगृहात नंबर लागला नाही तर स्वाधार योजना आहे. पुण्या-मुंबईसाठी वर्षाला ६०,०००: भोजनाचे ३२,०००, निवासाचे २०,००० आणि निर्वाहाचे ८,०००. एसटीसाठी स्वयंम आणि ओबीसींसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना त्याच धर्तीवर आहेत. वसतिगृहाचा अर्ज केलाच नाही तर स्वाधारमध्ये अडकायला होतं, म्हणून नंबर लागणार नाही अशी खात्री असली तरी वसतिगृहाला अर्ज करा.

एका गैरसमजापायी दरवर्षी रडारड होते. ‘मुलींना उच्च शिक्षण मोफत’ हे २०२४ साली गाजलं ना, त्यात एमए अर्थशास्त्र बसत नाही. ती शंभर टक्के सवलत व्यावसायिक अभ्यासक्रमांना, केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून आलेल्या मुलींना आहे. इंजिनिअरिंगच्या मैत्रिणीची फी माफ झाली म्हणून आपलीही होईल, असं गृहीत धरू नका.

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा पुढे आहे. शिष्यवृत्ती मंजूर होणं वेगळं आणि हातात पैसे येणं वेगळं. प्रवेशाची फी जुलै-ऑगस्टमध्ये, खोलीचं डिपॉझिट त्याच आठवड्यात, आणि शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता कधीकधी पुढच्या उन्हाळ्यात. एससीच्या शिष्यवृत्तीत केंद्राचा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के हिस्सा वेगवेगळा खात्यात येतो, तेही वेगवेगळ्या वेळी. तेव्हा पहिल्या सहा-आठ महिन्यांचा खर्च शिष्यवृत्ती येणारच नाही असं धरून उभा करा. पैसे आले की त्यातून दुसरं वर्ष निघतं. शिष्यवृत्तीच्या मुदतीने खुद्द बाबासाहेबांनाही अडवलं होतं. बडोदा संस्थानची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांची होती. ती संपली तेव्हा १९१७ साली लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं. मग सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून पाच हजारांचं कर्ज घेतलं, आणि १९२० साली पुन्हा लंडन गाठलं.

हे सहा-आठ महिने काढायचे कसे? पुण्यात विद्यार्थी साहाय्यक समितीची वसतिगृहं १९५५ पासून गावाकडच्या गरजू मुलामुलींसाठी चालतात, खर्च बाहेरच्या निम्म्याहूनही कमी पडतो. मुलाखत असते, अर्ज वेळेत करा. विद्यापीठात ‘कमवा आणि शिका’ आहे. त्यात फार पैसे मिळत नाहीत, पण मेसचं बिल बऱ्यापैकी निघतं. एकदम फी भरणं जमत नसेल तर विभागप्रमुखांना लेखी अर्ज देऊन हप्ते मागा. तोंडी विचारलं की कारकून नाही म्हणतो, लेखी अर्जाला उत्तर द्यावं लागतं.

दोन-तीन ठिकाणी प्रवेश घेऊन ठेवायची वेळ आली तर घाबरू नका. यूजीसीच्या नियमाप्रमाणे प्रवेशाच्या शेवटच्या तारखेआधी किमान १५ दिवस प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी परत मिळते (प्रक्रिया शुल्क सोडून), नंतर ती टप्प्याटप्प्याने कमी होते आणि त्या तारखेनंतर महिना उलटला की काहीच मिळत नाही. मूळ कागदपत्रं अडवून ठेवायचा कॉलेजला अधिकार नाही.

कर्ज शेवटी. व्याजमाफीची जुनी केंद्रीय योजना व्यावसायिक आणि तांत्रिक अभ्यासक्रमांपुरती असल्याने एमएवाल्यांना तिचा उपयोग नव्हता. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम-विद्यालक्ष्मी अभ्यासक्रमापेक्षा संस्थेकडे बघते: यादीतल्या (सुरुवातीला ८६०) संस्थांपैकी एकीत गुणवत्तेवर प्रवेश मिळाला तर तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळतं. उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल आणि दुसरी सरकारी शिष्यवृत्ती मिळत नसेल, तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर परतफेड सुरू होईपर्यंत ३ टक्के व्याजसवलत. तरी हिशोब करून बघा. दरवर्षी दीड लाख याप्रमाणे ३ लाख उचलले आणि दर १० टक्के धरला तर शिक्षणाची दोन आणि नंतरचं सवलतीचं एक अशा तीन वर्षांत ७५,००० सरळव्याज चढतं. एमएनंतरच्या पहिल्या पगारातून ३ लाख ७५ हजार फेडायचे आहेत हे डोळ्यांपुढे ठेवा. मी मुलांना खर्चातली तूट भरण्यापुरतंच कर्ज काढायला सांगते, सगळा खर्च त्यावर लादू नका.

एक वर्ष नोकरी? पदवीनंतर गावाकडे मिळणाऱ्या पगारातून वर्षभरात जे शिल्लक पडेल, ते बहुधा यूजीसीच्या शिष्यवृत्तीच्या चार-पाच महिन्यांएवढंही नसेल. त्यात महाडीबीटीला गॅप सर्टिफिकेटची भर. थांबायचंच असेल तर गणितासाठी थांबा. घरून अजिबातच निघता येत नसेल तर इग्नूचं एमए अर्थशास्त्र स्वस्तात होतं. त्यात ५५ टक्के पडले (राखीव प्रवर्गाला ५०) की नेटला (प्राध्यापकीसाठीच्या पात्रता परीक्षेला) बसता येतं आणि त्यातून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर पीएचडीला दरमहा ३७,००० मिळतात. फक्त, दूरस्थ शिक्षणाला यूजीसीची ती १५,००० ची शिष्यवृत्ती लागू नाही.

आता करायचं काम: या वर्षाचा उत्पन्नाचा दाखला काढून ठेवा, लागू असेल तर नॉन-क्रिमीलेअर आणि जात पडताळणीही, आणि बँकेत जाऊन खातं आधारशी डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) जोडलंय का ते विचारा. पासबुकावर आधार क्रमांक छापलेला असला म्हणजे सीडिंग, म्हणजे ही जोडणी, झालीच असं नसतं. प्रवर्ग आणि बारावीला गणित होतं का, एवढं खाली लिहिलंत तर नेमकं सांगू शकेन.