डॉग पार्कमध्ये दर पावसाळ्यात चिखल होतो. जमिनीवर काय टाकावं?

तुम्ही लिहिलंय की पार्क सहा गुंठ्यांचं आहे, जमीन काळी आहे, लॉन दोनदा लावली आणि दोन्ही वेळा मेली, आणि आता वॉर्डच्या निधीतून कृत्रिम हिरवळ टाकायचं चाललंय. हात जोडून सांगते, तो निधी हिरवळीवर घालवू नका. एप्रिलच्या दुपारी त्या प्लास्टिकवर हाताची मागची बाजू पाच सेकंद टेकवून बघा, टेकवत नाही. कुत्री त्यावर उघड्या पंज्यांनी चालणार. शिवाय लघवी खालच्या वाळूत मुरते आणि वास काही केल्या जात नाही.

पुण्यात आम्ही शेजाऱ्यांनी मिळून बागेतल्या अशाच एका कोपऱ्याचं काम केलं, आणि आधी चुकलोसुद्धा. काळी माती पाणी पिऊन फुगते, उन्हात भेगाळते. पहिल्या वर्षी तिच्यावर थेट मुरूम पसरला. जुलैत मुरूम खाली गेला, चिखल वर आला. एका म्हाताऱ्या लॅब्रॅडॉरच्या बोटांच्या बेचक्यात वाळून खड्यासारख्या झालेल्या चिखलाच्या गोळ्या मी कोमट पाण्यात भिजवून एकेक सोडवल्या. खालची कातडी लालभडक, ओली झाली होती. तो पाय मागे घेत होता, पण चावला नाही. त्या दिवसापासून वर काय टाकायचं हा प्रश्न मी दुसरा मानते. पहिला प्रश्न पाणी कुठे जाणार.

त्यासाठी एक फूट खोल खड्डा घ्या, काठोकाठ पाणी भरा, दुसऱ्या सकाळी बघा. आमचं पाणी जेमतेम बोटभर उतरलं होतं. असं असेल तर वरची सहा-आठ इंच माती उचलावीच लागते. मग ५० फुटाला १ फूट असा उतार काढा, फाटकाच्या उलट दिशेला. ८० फुटांच्या जागेत तो दीड फुटाच्या वर जातो, म्हणजे डोळ्यांनी नीट दिसतो. उताराच्या पायथ्याशी चर खणून त्यात भोकांचा पाईप आणि भोवती खडी टाका, आणि पाईप पावसाळी गटाराला जोडा.

आता ज्यावर ठेकेदार हमखास पैसे वाचवतो ते: माती आणि खडी यांच्यामध्ये जिओटेक्स्टाईलचं कापड, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं जाड कापड. ते नसेल तर खडी दोन पावसाळ्यांत मातीत जिरते. कापड अंथरताना स्वतः उभ्या राहा, जोडावर फूटभर पदर घ्यायला लावा. त्यावर ४ इंच खडी, रोलर, मग २-३ इंच बारीक कच (दगडाचा चुरा), पाणी मारून पुन्हा रोलर. हिशोब सोपा आहे: सहा गुंठे म्हणजे ६,५३४ चौरस फूट, ४ इंचाच्या थराला सुमारे २२ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). दबाईत माल बसतो, म्हणून २७ धरा. कच टाकल्यावर त्यावर अनवाणी चालून बघा. तुम्हाला टोचलं तर त्यांनाही टोचणार. तो माल परत पाठवा.

लाकडाचा भुसा-ढलप्या मऊ असतात खऱ्या, पण आपल्या पावसात कुजतात. न्यूयॉर्कच्या टॉम्पकिन्स स्क्वेअर पार्कमधलं डॉग रन, म्हणजे कुत्र्यांना मोकळं सोडायची कुंपणातली जागा, १९९० पासूनचं आहे; तिथेही २००८ च्या नूतनीकरणात ढलप्यांच्या जागी बारीक दगडाचा थर आला.

फाटकाजवळ आणि नळापाशी कच टिकत नाही, सगळी कुत्री तिथेच घुटमळतात. तेवढ्या भागात खडबडीत फरशी घाला. झाडांच्या बुंध्याला भराव लावू नका. सावली गेली तर पार्क गेलं. वास येतो म्हणून कुणी चुना किंवा ब्लीचिंग पावडर फेकत असेल तर थांबवा, पंजे भाजतात. रोज पाण्याचा फवारा आणि मे महिन्यात कचचा नवा हात पुरतो. आणि पाणी साचत असेल तोवर कुत्र्यांना लेप्टोची लस दिलेली असू द्या. उंदरांच्या मुतातून येणारा हा रोग माणसालाही होतो.

काम दिवाळीनंतर काढा, अर्धं पार्क चालू ठेवून. खड्ड्यातलं पाणी रात्रीत किती इंच उतरलं ते कळवा, म्हणजे चर किती खोल घ्यायचा ते सांगता येईल.