उबुंटू अपग्रेड केल्यावर जुना फोर्ट्रान कोड ‘टाइप मिसमॅच’ म्हणून अडतोय, काय करू?

म्हणजे 20.04 वर नीट बिल्ड होणारं तुमचं एमपीआयवालं (अनेक प्रोसेसमध्ये निरोप पाठवून काम वाटून घेणाऱ्या लायब्ररीवरचं) मॉडेल 22.04 वर आणलं, सोर्सला हातही लावला नाही, आणि तरी ‘टाइप मिसमॅच बिट्वीन ॲक्च्युअल आर्ग्युमेंट’ची रांग लागली. एमपीआय बिघडलं असं समजून तुम्ही तेच पुन्हा पुन्हा टाकत बसलात.

एमपीआयला बोल लावू नका, कंपायलर बदललाय. 20.04 मध्ये डीफॉल्ट जीसीसी (कंपायलरांचा संच, फोर्ट्रानचा जीफोर्ट्रान त्यातलाच) 9 होता, 22.04 मध्ये 11 आहे. मधल्या 10 पासून (2020) जीफोर्ट्रान एका बाबतीत कडक झाला: पूर्वी ज्यावर फार तर वॉर्निंग यायची, तो आता सरळ एरर.

तुम्ही दिलेल्या एररच्या शेवटी कंसात ‘रियल(8)/इंटिजर(4)’ आहे, तिथेच सगळं कळतं. त्या फाइलमध्ये एका ठिकाणी एमपीआय_सेंडला रियल ॲरे दिलाय, दुसरीकडे इंटिजर. ‘एमपीआयएफ.एच’ ही एमपीआयची जुनी हेडर फाइल इन्क्लूड केली की कंपायलरला त्या रूटीनचा इंटरफेस (कुठलं आर्ग्युमेंट कुठल्या टाइपचं ते) दिसतच नाही, मग तो बिचारा दोन कॉल एकमेकांशी ताडून बघतो आणि जुळले नाहीत की अडून बसतो. एमपीआयपुरतं बोलायचं तर बफर (पाठवायचा डेटा) कुठल्याही टाइपचा चालतो, टाइप वेगळ्या आर्ग्युमेंटने सांगितलेलाच असतो. त्यामुळे कोड चालायचा आणि आजही चालेल.

उपाय एका फ्लॅगचा आहे: ‘-एफअलाऊ-आर्ग्युमेंट-मिसमॅच’. एररची पुन्हा वॉर्निंग होते. मात्र तो कॉन्फिगर करतानाच द्या, आणि एफफ्लॅग्ज व एफसीफ्लॅग्ज दोन्हींमध्ये द्या. ऑटोकॉन्फमध्ये (‘कॉन्फिगर’ स्क्रिप्ट बनवणारं टूल) पहिला फोर्ट्रान 77 साठी, दुसरा नव्या फोर्ट्रानसाठी. एकातच टाकला तर अर्ध्या फाइली पास, अर्ध्या नापास, आणि माणूस चक्रावतो. त्याआधी ‘मेक डिस्टक्लीन’ हवंच. कॉन्फिगरऐवजी सीमेक हे बिल्ड टूल असेल तर बिल्ड डिरेक्टरी उडवा, कारण कंपायलर कुठला ते कॅशमध्ये बसलेलं असतं. हाच फ्लॅग जुन्या क्लस्टरवरच्या जीसीसी 9 ला दिलात तर ‘असा ऑप्शनच नाही’ म्हणून तो थांबेल, तेव्हा मेकफाइलमध्ये कायमचा कोंबू नका.

फ्लॅग लावला म्हणून वॉर्निंगकडे डोळेझाक मात्र नको. नाव एमपीआय_सेंड, एमपीआय_बीकास्ट असलं तर सोडून द्या. स्वतःच्या ग्रुपच्या सबरूटीनचं नाव दिसलं तर थांबा: रियल(8) हवा तिथे इंटिजर जात असेल तर प्रोग्राम मुकाट्याने चुकीचे आकडे देईल, आणि पेपर पाठवल्यावर कळण्यात काही मजा नाही. कोड तुमच्याच हातात असेल तर सवडीने ‘यूज एमपीआय_एफ08’ या एमपीआयच्या नव्या मोड्यूलवर जा, त्यात इंटरफेस कंपायलरला दिसतो.

याच्या पुढची ठेच बहुधा नेटसीडीएफची (मॉडेलचा डेटा फाइलींत लिहिणारी-वाचणारी लायब्ररी) असेल. ‘नेटसीडीएफ.मॉड वाचता येत नाही’ आलं तर ती फाइल कुणी बनवली ते बघा: ‘झेडकॅट नेटसीडीएफ.मॉड | हेड -1’. जीफोर्ट्रानची मॉड फाइल (कंपाइल केलेल्या मोड्यूलची माहिती) म्हणजे जीझिप केलेला साधा टेक्स्ट असते, पहिल्याच ओळीत ‘जीफोर्ट्रान मोड्यूल व्हर्जन 15’ असं काहीतरी दिसतं. 8 ते 14 पर्यंतच्या जीसीसीचं हे व्हर्जन एकच आहे, म्हणून 9 ते 11 या उडीत ते आडवं येऊ नये. झेडकॅट ‘ही जीझिपच नाही’ म्हणाला तर फाइल इंटेलसारख्या दुसऱ्या कंपायलरची. नेटसीडीएफ-फोर्ट्रान त्याच जीफोर्ट्रानने परत बिल्ड करा. कोंडा (स्वतःचे कंपायलरही आणणारा पॅकेज मॅनेजर) ॲक्टिव्हेट असेल तर आधी डीॲक्टिव्हेट करा, नाहीतर ‘एमपीआयएफ90’ (एमपीआयची कंपाइल करणारी कमांड) भलत्याच जीफोर्ट्रानला हाक मारतो. एमपीआयचे दोन प्रकार प्रचलित आहेत: एमपिचवर ‘-शो’ने, ओपनएमपीआयवर ‘--शोमी’ने ते दिसतं.

तरी अडलं तर ‘-जे’ (एकाच वेळी अनेक फाइली बिल्ड करणारा ऑप्शन) न लावता साधं ‘मेक’ चालवा आणि लॉगमधला पहिला एरर इथे डकवा. शेवटच्या ओळी नकोत, तिथे नुसतं ‘एरर 1’ असतं.