बेळगावात स्केटिंग करणारी मुलगी ल्यूजकडे वळू शकते का? परदेशात शर्यतीचा आठवडा कसा असतो?

वळू शकते, पण ल्यूज म्हणजे स्लेजवर (बर्फावरच्या घसरगाडीवर) पाठीवर झोपून, पाय पुढे करून बर्फाळ उतारावरून सुसाट खाली यायचं; बर्फावरचा हा सराव परदेशातच करावा लागेल, कारण कृत्रिम बर्फाचा ल्यूज ट्रॅक भारतात कुठेच नाही. मी स्वतः स्लेजवर कधी झोपलेलो नाही. नियम वाचून आणि शर्यती बघून सांगतोय. वर्ल्ड कपच्या आठवड्यात आधी सराव, मग पात्रता फेरी आणि बहुधा शनिवार-रविवारी शर्यत. एक फेरी जेमतेम मिनिटभराची आणि दिवसाला मोजक्याच मिळतात, म्हणजे आठवड्यात प्रत्यक्ष घसरणं दहा-बारा मिनिटांचं! बाकी वेळ ट्रॅक पायी चालून बर्फ बघण्यात जातो. मग डोळे मिटून एकेक वळण मनात घ्यायचं, मान-खांदे तसे हलवायचे. संध्याकाळी स्लेजच्या पोलादी पात्या सँडपेपरने घासत बसायचं. त्या गरम करून आणल्या तर बाद. सुरुवातीलाच तापमान तपासतात.

स्केटिंगमुळे तोल आणि वळणाचा अंदाज आयता मिळतो, पण सुरुवात हातांनी होते. खिळ्यांचे हातमोजे बर्फात रोवून स्वतःला ढकलायचं असतं, तेव्हा दंड आणि पाठ आत्तापासून कमवा. मनालीजवळच्या शिवा केशवनने चाकांच्या स्लेजवर डोंगरी रस्त्यांवर सराव केला आणि 1998 ते 2018 सहा हिवाळी ऑलिंपिक खेळला. मात्र ते बघून पोरीला चोर्ला घाटात सोडू नका, तिथली वाहतूक तुम्हाला माहीत आहेच.